प्रिंट टाकला की क्रॅश गायब! : कर्नलमधल्या एका यूज-आफ्टर-फ्रीचा पाठलाग

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, तीन आठवडे डोकं खाणारा एक यूज-आफ्टर-फ्री (मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचा) बग इथे मांडतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं एक लिनक्स कर्नल मॉड्यूल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला जोडलेला कोड) आहे, मेनलाइनच्या म्हणजे अधिकृत कोडच्या बाहेरचं, कर्नल ६.६ वर चालणारं. प्रत्येक जोडणीमागे एक 'सेशन' ऑब्जेक्ट बनतं आणि हॅश टेबलात बसतं. शोधणारे आरसीयूखाली (वाचणाऱ्यांना कुलपाशिवाय वाचू देणारी आणि जुने वाचक संपल्यावरच जागा मोकळी करणारी कर्नलची पद्धत) शोधतात, सापडलं की रेफरन्स काउंट (किती जण वापरताहेत तो आकडा) एकने वाढवतात, काम झालं की कमी करतात. काउंट शून्यावर आला की केफ्री, म्हणजे मेमरी मोकळी. शिवाय प्रत्येक सेशनला एक टायमर आहे. बराच वेळ हालचाल नसली की टायमर वर्कक्यूवर (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) एक काम टाकतो आणि ते काम ठरवतं, सेशन बंद करायचं की टायमर पुन्हा लावायचा.

लक्षणं अशी. ४ कोरच्या व्हर्च्युअल मशीनवर महिनाभर हू की चू नाही. ६४ कोरच्या सर्व्हरवर मात्र तीन-चार दिवसांत एकदा ऊप्स (कर्नल क्रॅश झाल्याचा अहवाल) ठरलेला. स्लबचं (कर्नलच्या मेमरी वाटणाऱ्या भागाचं) डिबगिंग चालू केल्यापासून रजिस्टरांत '६बी६बी६बी६बी' दिसतंय. शोधाच्या फंक्शनात एक प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारी सूचना) टाकला तर आठवडाभर काही नाही. काढला की चौथ्या दिवशी पुन्हा ऊप्स. आमच्यातल्या एकाने गंभीर चेहऱ्याने सुचवलं, प्रिंटके तसाच ठेवून पाठवून देऊ.

शोधाचा क्रम: आरसीयू रीड लॉक, टेबलात शोध, आरसीयू रीड अनलॉक, मग काउंट वाढव, मग पॉइंटर परत दे.

कुठून सुरुवात करू?

कळफलक

प्रिंटके पाठवाच. रिलीज नोटमध्ये 'स्थैर्यासाठी सुधारित लॉगिंग' असं लिहा. :)

बारीकनजर

६बी ही थडग्यावरची पाटी आहे. स्लब डिबगिंगमध्ये विष पेरण्याचा पर्याय चालू असला की मोकळ्या केलेल्या ऑब्जेक्टचे सगळे बाइट ६बी होतात आणि शेवटचा ए५. म्हणजे तुमचा कोड मेलेल्या सेशनशी बोलतोय. (कधी 'डेड०००००००००१००' असा पत्ता दिसला, तर तो लिस्टमधून काढून टाकलेल्या नोडचा पुढचा पॉइंटर. ह्या दोन पाट्या ओळखता आल्या तर अर्धे ऊप्स नुसते वाचून कळतात.)

प्रिंटकेबद्दल: तो वेळ खातो, आतून लॉक घेतो, त्यामुळे दोन सीपीयूंची गाठ पडायची ती पडत नाही. बग जागच्या जागी आहे.

तुमच्या शोधाच्या क्रमात मला चूक दिसतेय, पण आत्ता सांगत नाही. आधी केसॅन (मेमरीचा गैरवापर पकडणारं साधन) लावा. २०१५ पासून, म्हणजे ४.० पासून, तो कर्नलमध्येच आहे. दर ८ बाइटमागे १ बाइट सावली ठेवतो आणि मोकळी झालेली ऑब्जेक्टं लगेच पुन्हा वाटत नाही, काही काळ विलगीकरणात ठेवतो. त्याचा खरा फायदा म्हणजे तीन स्टॅक एकत्र मिळतात: हात कोणी लावला, जागा कोणी घेतली होती, मोकळी कोणी केली. रेसच्या (दोन सीपीयूंच्या वेळेच्या शर्यतीतून होणाऱ्या बगच्या) बाबतीत तिसरा स्टॅक म्हणजे साक्षात आरोपी.

एकच_कुलूप

एवढी कसरत कशाला? सेशनच्या स्ट्रक्चरमध्ये एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) टाका. वापरण्याआधी घ्या, फ्री करण्याआधी घ्या, मिटलं. आरसीयूच्या नादी लागून लोकांनी कर्नल वाचण्याच्या पलीकडे नेलाय.

बारीकनजर

@एकच_कुलूप, घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होईल हे. म्युटेक्स सेशनच्या पोटात आहे. तो घ्यायला आधी सेशनला हात लावावा लागतो आणि सेशन जिवंत आहे की नाही हाच तर प्रश्न आहे! समजा मी म्युटेक्सवर थांबलोय आणि ज्याच्याकडे तो आहे त्याने सेशन फ्री केलं. आता मी कशावर थांबलोय? ऑब्जेक्टच्या आतलं कुलूप आतल्या मजकुराची राखण करतं. ऑब्जेक्टच्या आयुष्याची राखण बाहेरून व्हावी लागते: टेबलाचं लॉक, रेफरन्स काउंट किंवा आरसीयू.

एकच_कुलूप

बरं, मग टेबलाला एक म्युटेक्स. तो तर बाहेर आहे ना?

उशिरा_आलेली

तो बरोबर ठरेल, नक्की. पण ६४ कोर रांगेत उभे राहतील. संपूर्ण कर्नलला मिळून एक मोठं कुलूप लिनक्समध्ये कितीतरी वर्षं होतंच, ते शेवटी २.६.३९ मध्ये, २०११ साली, पूर्ण निघालं. कुलूप घालणं सोपं असतं, ते नेमकं कशाकशाची राखण करत होतं हे मागाहून शोधून काढणं महाकठीण. ते काढायला म्हणूनच इतकी वर्षं गेली.

अर्थात जिथे वेग लागत नाही तिथे साधा म्युटेक्सच बरा. आरसीयू मिरवायला नसतो.

रात्रपाळी

केसॅन लावला. ४० मिनिटांत सापडला! तीन आठवडे वाया.

हात लावणारा: शोधाचं फंक्शन, काउंट वाढवण्याची ओळ. मोकळा करणारा: वर्कक्यूचा थ्रेड, काउंट शून्य झाल्यावरची केफ्री. मग मी काउंट वाढवण्याची ओळ अनलॉकच्या वर नेली. आता केसॅन त्याच ओळीवर बोंबलतोच, पण मध्येच हेही येतं: 'रेफकाउंट_टी: अ‍ॅडिशन ऑन झीरो; यूज-आफ्टर-फ्री'. बरोबर ठिकाणी आलोय की आणखी बिघडवलंय?

बारीकनजर

बरोबर ठिकाणी आलात, पण एक तृतीयांश. तुमचा मूळ घटनाक्रम असा होता:

पहिल्या सीपीयूला सेशन सापडलं, काउंट १. त्याने आरसीयू रीड अनलॉक केलं. नेमकं तेव्हाच दुसऱ्या सीपीयूने सेशन टेबलातून काढलं, काउंट १ वरून ० वर आणला, केफ्री केली. पहिला सीपीयू निवांत येऊन ० वरून १ करतो, तेही जी जागा आता त्याची नाही तिथे. ती जागा तोवर दुसऱ्या कोणाला दिलेली असेल तर त्याच्या डेटात एकाची भर. असले बग चौथ्या दिवशी भलत्याच फाइलमध्ये फुटतात ते ह्यामुळे.

दुरुस्तीचे तीन भाग आहेत आणि तिन्ही एकदम लागतात.

काउंट वाढवणं आरसीयूच्या आत हवं, ते तुम्ही केलंत.

पण आत असूनही काउंट आधीच शून्य झालेला असू शकतो. टेबलातून काढलेलं ऑब्जेक्ट जुन्या वाचकाला दिसत राहतं, आरसीयूचा करारच तसा आहे. शून्यावर गेलेलं सेशन परत जिवंत करायचं नसतं. म्हणून रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो वापरा. ते नाही म्हणालं तर 'सापडलं नाही' असं समजून नल (रिकामा पॉइंटर) परत द्या. तुम्हाला आलेली सूचना हेच सांगतेय. २०१७ मध्ये ४.११ ला रेफकाउंट_टी आला तो ह्याच कामासाठी. साधा अ‍ॅटॉमिक असता तर बिनबोभाट ० चा १ करून बसला असता.

आणि केफ्रीच्या जागी केफ्री_आरसीयू, म्हणजे आधीचे वाचक संपल्यावर मोकळं करणारं. तुम्ही आरसीयूखाली शोधत होतात, पण मोकळं करताना आरसीयूला विचारतच नव्हतात. मग रीड लॉक घेऊन उपयोग काय? त्याच्या आत असताना ऑब्जेक्टची जागा मोकळी होणार नाही ही हमी मोकळं करणारा पाळतो, वाचणारा नाही. केसॅन अजून बोंबलतोय तो ह्यामुळे.

अर्धाकोर

बाळबोध प्रश्न. पॉइंटरला व्होलाटाइल हा सी भाषेतला शब्द लावला तर हे सगळं टळत नाही का? आणि माझ्याकडे एक जवळपास असाच बग आहे जो एक्स८६ प्रोसेसरवर कधीच येत नाही, आर्म प्रोसेसरवर येतो.

उशिरा_आलेली

दोन वेगळे प्रश्न आहेत.

व्होलाटाइल फक्त कंपायलरला गप्प करतं. सीपीयू जो क्रम बदलतो त्यावर आणि ऑब्जेक्टच्या आयुष्यावर त्याचा काडीचा परिणाम नाही. कंपायलरचा त्रास खरा असतो बरं का: 'पॉइंटर नल नाही ना' हे तपासलं आणि पुढच्या ओळीत वापरला, तर कंपायलर तो मेमरीतून दोनदा वाचू शकतो आणि दुसऱ्या वेळी नल हाती येऊ शकतं. त्यासाठी रीड_वन्स आहे. एकदाच वाचतो, जे वाचलं तेच तपासतो, तेच वापरतो.

आर्मचं कोडं बहुधा प्रकाशनाचं असेल. नवं ऑब्जेक्ट भरता आणि मग त्याचा पॉइंटर सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवता ना? एक्स८६ वर एका सीपीयूने केलेली दोन लेखनं इतरांना त्याच क्रमाने दिसतात. तिथे मुख्यतः आधीचं लेखन आणि नंतरचं वाचन एवढ्याचीच अदलाबदल होते. आर्मवर तसं बंधन नाही. पॉइंटर आधी पोचतो, आतला मजकूर मागून येतो आणि वाचणाऱ्याला अर्धवट भरलेलं ऑब्जेक्ट मिळतं. असा बग मागे राहिला तर आर्मवर भेटतोच. पॉइंटर ठेवताना आरसीयू_असाइन_पॉइंटर, घेताना आरसीयू_डीरेफरन्स. आरसीयू नसेल तर स्टोअर-रिलीज आणि लोड-अ‍ॅक्वायर. हे जोडीनेच लागतं, एका बाजूला लावून दुसरीकडे विसरलात तर काही उपयोग नाही.

एक्स८६ वर टेस्ट करून 'चालतंय' म्हणणाऱ्यांचं पितळ आर्मवर उघडं पडतं. मीही त्यातलीच होते.

कळफलक

थोडं विषयांतर. ह्या असल्या रेस बाहेरच्या कोणाला मुद्दाम घडवून आणता येतात का? तीन दिवसांतून एकदा होणारी गोष्ट हल्लेखोराच्या काय कामाची?

उशिरा_आलेली

हल्लेखोराला तीन दिवस थांबावं लागत नाही. तो लूपमध्ये लाखो वेळा प्रयत्न करतो आणि त्याला एकदाच जमायला हवं असतं. डर्टी काउ नावाचा सुरक्षेचा बग घ्या, नोंद क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. २.६.२२ पासून, म्हणजे २००७ पासून कर्नलमध्ये होता, २०१६ च्या ऑक्टोबरात उघड झाला.

गंमत बघा. एका थ्रेडने फक्त-वाचनाच्या खासगी मॅपिंगवर 'प्रॉक-सेल्फ-मेम'मधून लिहायचं. कर्नल म्हणतो, मूळ पानावर लिहिता येणार नाही, ही घे तुझी वेगळी प्रत. प्रत झाली, म्हणून तो 'लिहायचंय' ही खूण पुसतो आणि पान पुन्हा शोधायला जातो. मधल्या क्षणी दुसरा थ्रेड एमअ‍ॅडव्हाइज करून सांगतो, ही प्रत नको, टाकून दे. आता पहिल्याच्या शोधात 'लिहायचंय' ही खूण नाही, म्हणून त्याला मूळ पान मिळतं, आणि तो त्यावर लिहितो! जी फाइल फक्त वाचायची मुभा होती ती बदलली. तिथून रूट (सर्वाधिकारी) होणं फार दूर नाही.

ह्यात प्रत्येक पायरीवर योग्य लॉक घेतलेलं होतं. दोन पायऱ्यांच्या मधल्या वाटेवर कोणी नव्हतं. दुरुस्तीत काय केलं? खूण पुसण्याऐवजी 'प्रत झालेली आहे' अशी नवी खूण ठेवली आणि पुढे जाताना पान खरंच त्या प्रतीचं आहे का हे तपासलं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्या पॅचमध्ये कबूल केलंय की हाच बग त्याने ११ वर्षांपूर्वी एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो नीट जमला नाही आणि एस३९० वर (आयबीएमच्या मेनफ्रेमवर) अडचणी आल्या म्हणून मागे घ्यावा लागला. तेव्हा ती रेस कागदावरचीच वाटत होती.

आणि तरी २०१७ च्या नोव्हेंबरात त्या दुरुस्तीतही भोक निघालं. मोठ्या पानांच्या वाटेवर 'डर्टी' बिट (पानावर लिहिलंय ही खूण) प्रत न होताही लागू शकत होता, आणि नवी तपासणी त्याच बिटावर विसंबून होती.

बारीकनजर

ह्याच माळेतला मला आवडणारा, म्हणजे भीतीयुक्त आवडणारा, २०२३ चा स्टॅकरॉट. सीव्हीई-२०२३-३२६९. ६.१ मध्ये प्रोसेसचे मेमरी विभाग ठेवायला जुन्या लाल-काळ्या झाडाऐवजी मेपल ट्री आलं. स्टॅक खाली वाढवताना पूर्वीपासून मेमरी मॅपचं फक्त रीड लॉक घेतलं जायचं आणि जुन्या झाडात ते खपून जायचं, कारण विभागाची सीमा जागच्या जागी बदलायची. मेपल ट्रीमध्ये कधीकधी नोडच बदलला जातो आणि जुना आरसीयूमार्गे मोकळा होतो. बाकीचे वाचक 'आमच्याकडे रीड लॉक आहे' म्हणून निर्धास्त, आरसीयूचं कुलूप कोणी घेतलेलंच नाही. लॉकचं नाव तेच, जागा तीच, त्यामागचा करार तेवढा बदलला. शेवटी स्टॅक वाढवतानाही राइट लॉक घ्यायचं ठरलं, आणि त्यासाठी बऱ्याच आर्किटेक्चरांच्या पेज फॉल्टच्या कोडला हात लावावा लागला.

अर्धाकोर

वाचनखूण साठवली. आर्मवाला बग तोच निघाला, पॉइंटर आधी, मजकूर मागून. उशिरा_आलेली, दंडवत.

रात्रपाळी

अपडेट. तिन्ही बदल केले. केसॅन पाच दिवस शांत, मी खूश. सहाव्या दिवशी सकाळी हे: 'ओडीबग: फ्री अ‍ॅक्टिव्ह', प्रकार टायमर_लिस्ट. म्हणजे टायमर चालू असताना सेशन फ्री झालं. पण सेशन बंद करताना मी टायमर_डिलीट_सिंक करतोय, तेही 'सिंक'वालं, चालू टायमर संपेपर्यंत थांबणारं! मग टायमर परत आला कुठून?

शून्यपूर्ण

इतके दिवस नुसता वाचत होतो, ह्यावर मात्र बोलायलाच हवं, कारण ह्याच खड्ड्यात मी पडलोय.

तुमचं पहिलं पोस्ट बघा. टायमर काम टाकतो आणि काम टायमर लावतं. साप स्वतःची शेपटी गिळतोय. टायमर डिलीट केलात, तेव्हा काम चालू होतं, त्याने जाता जाता टायमर परत लावला. आधी काम रद्द करून मग टायमर डिलीट केलात तर मधल्या वेळात टायमर वाजून नवं काम टाकेल. क्रम कसाही लावा, एक फट राहतेच.

ह्याच चक्रासाठी ६.२ पासून टायमर_शटडाउन_सिंक आहे. तो टायमर थांबवतोच, शिवाय पुढे कोणी लावायला गेलं तर मुकाट्याने दुर्लक्ष करतो. म्हणून क्रम: आधी टायमर_शटडाउन_सिंक, मग कॅन्सल_वर्क_सिंक. तुम्ही ६.६ वर आहात, आयतं मिळेल. जुन्या कर्नलवर 'बंद होतंय' असा स्वतःचा झेंडा ठेवून, टायमर लावण्याआधी तो लॉकखाली तपासावा लागतो.

पण थांबा, लगेच पळू नका. तुमचं काम स्वतःच ठरवतं ना सेशन बंद करायचं? मग त्या कामाच्या आतूनच तुम्ही कॅन्सल_वर्क_सिंक करणार, म्हणजे काम स्वतःच्याच संपण्याची वाट बघत बसणार. कायमचं. काउंट शून्य झाल्यावरच्या फंक्शनातही ते टाकू नका, कारण शेवटचा रेफरन्स त्या कामानेच सोडला तर पुन्हा तीच कथा. आणि आरसीयू रीड लॉकच्या आत तर नकोच, तिथे झोपायला बंदी.

मी काय केलं होतं: बंद करण्याचं काम वेगळ्या वर्क आयटमला दिलं. मुदतवालं (टायमरने टाकलेलं) काम फक्त 'बंद कर' म्हणून सांगतं आणि बाजूला होतं.

रात्रपाळी

टायमर_शटडाउन_सिंक असं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. करतो.

पण मनातली शंका वेगळीच आहे. गेल्या वेळीही पाच दिवस शांत होतं. आता सात दिवस शांत राहिलं तर बग गेला असं कशावरून म्हणायचं?

बारीकनजर

दिवस मोजू नका, फट रुंद करा. प्रिंटकेने बग लपला, कारण उशीर चुकीच्या जागी पडला. तोच उशीर मुद्दाम बरोबर जागी टाका. जुना, नादुरुस्त कोड घ्या. शोधात आरसीयू रीड अनलॉक आणि काउंट वाढवणं ह्यांच्या मधोमध ५ मिलिसेकंदांचा एमडिले (नुसतं थांबवणारं फंक्शन) ठेवा आणि दुसरीकडून सेशनं भराभरा बंद करत राहा. तुमच्या त्या ४ कोरच्या गरीब मशीनवरसुद्धा काही सेकंदांत पडेल. पडला, की तोच उशीर दुरुस्त कोडात ठेवून चालवा: शोध आणि इंक_नॉट_झीरोच्या मध्ये. टायमरवाल्या बगसाठी जुन्या कामात, टायमर परत लावण्याच्या ओळीच्या जरा आधी.

केसीसॅन, केसॅनचा रेस शोधणारा भाऊ, तोही हेच करतो, फक्त आंधळेपणाने. ५.८ पासून, २०२० पासून आहे. साधारण ४००० मेमरी वाचन-लेखनांत एकावर नजर ठेवतो, त्या थ्रेडला ८० मायक्रोसेकंद थांबवतो आणि तेवढ्यात दुसरं कोणी तिथे हात घालतंय का ते बघतो. पण त्याच्या जिवावर निर्धास्त होऊ नका. तो डेटा रेस पकडतो, म्हणजे एकाच जागी कुलपाविना एकाच वेळी होणारं वाचन-लेखन. दोन्ही पायऱ्या व्यवस्थित लॉकखाली असतील आणि घोळ मधल्या वाटेत असेल, डर्टी काउसारखा, तर त्याला काहीच दिसणार नाही.

रात्रपाळी

कमाल आहे! जुन्या कोडात ५ मिलिसेकंद टाकले, ४ कोरच्या मशीनवर ११ सेकंदांत केसॅनचा अहवाल. तीन दिवस वाट बघायची गोष्ट ११ सेकंदांत.

दुरुस्त कोडात तेच उशीर ठेवून दोन रात्री चालवलं. एकदाच धक्का बसला, पण तो वेगळाच होता: यूजरस्पेसकडून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडून) बंद करण्याची विनंती आणि मुदत संपणं एकाच वेळी, दोघांनी सेशन टेबलातून काढलं, काउंट दोनदा कमी झाला. फट रुंद केली नसती तर हा वर्षभराने भेटला असता.

आता रचना अशी आहे. टेबलात लिहिणाऱ्यांसाठी एक म्युटेक्स. बंद करताना तो घ्यायचा, 'बंद होतंय' झेंडा आधीच लागला असेल तर परत फिरायचं. नसेल तर झेंडा लावायचा, टेबलातून काढायचं, म्युटेक्स सोडायचा आणि बंद करण्याचं वेगळं काम टाकायचं. त्या कामात टायमर_शटडाउन_सिंक, मुदतवाल्या कामाला कॅन्सल_वर्क_सिंक, मग टेबलाच्या वाट्याचा रेफरन्स सोडायचा. ज्याच्या हातून काउंट शून्य होईल त्याच्याकडून केफ्री_आरसीयू. उशीर टाकणाऱ्या ओळी एका डिबग पर्यायाआड कायमच्या ठेवल्यात.

शून्यपूर्ण

छान. एक बारीकसं: पुढेमागे केफ्री_आरसीयूच्या जागी स्वतःचं फंक्शन देऊन कॉल_आरसीयू केलंत, तर मॉड्यूल उतरवताना आरसीयू_बॅरियर विसरू नका. नाहीतर मॉड्यूल निघून जाईल आणि आरसीयू त्यातलं फंक्शन बोलवायला येईल.

एकच_कुलूप

म्हणजे शेवटी टेबलाला एक म्युटेक्स लागलाच तर! मी काय वेगळं सांगत होतो?

रात्रपाळी

@एकच_कुलूप, लागला, पण फक्त लिहिणाऱ्यांना. शोधणारे अजूनही आरसीयूखालीच. तरी तुमचा मान ठेवून त्या म्युटेक्सच्या वरच्या कॉमेंटमध्ये तो कशाकशाची राखण करतो ते ओळीने लिहिलंय.